वाटेवरचें हिम कोणाचें?

आमच्या वाचकांपैकीं एका सद्गृहस्थांचें दीर्घ पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, बॉस्टन शहराच्या जवळ, घर घेऊन राहिले आहेत. गेल्या हिवाळ्यांत हिमवर्षाव होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशीं पुडकीं पोंचविणारा एक मनुष्य त्यांच्या दारापुढील पायऱ्यांवरून घसरला, त्याचें मनगट मोडलें, आणि महिन्याभरानें वकिलाची नोटीस हातीं पडली. त्याच आठवड्यांत सूनबाईंची मोटार, हिम न काढलेल्या रस्त्यावरून घसरत जाऊन, पुढल्या मोटारीवर आदळली. तेथें दोष ठरला तो सूनबाईंचा. पत्रलेखक संतापून विचारतात: "हिम कांहीं माझ्या मुलानें पाडलें नव्हतें. तरी दारापुढें घसरलेल्याचा जाब त्यानें द्यावयाचा. आणि सरकारच्या रस्त्यावर माझी सून घसरली, तर तेथें सरकार मोकळें! हा न्याय कोणत्या गांवचा?"

प्रश्न रागाच्या भरांत विचारला असला तरी तो खरा प्रश्न आहे, आणि ज्यांचीं मुलेंबाळें हल्लीं बॉस्टन, टोरँटो, न्यू जर्सी किंवा जर्मनींतील शहरें येथें नांदत आहेत, अशा घरांतून तो आज ना उद्यां निघावयाचाच. म्हणून त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां येथेंच देत आहों.

प्रथम हिमाविषयीं चार शब्द. आमच्यापैकीं बहुतेकांची ओळख आहे ती रसवंतीच्या दुकानांतील लादीशीं किंवा घरच्या फ्रीजमधील खड्यांशीं. आकाशांतून पडणाऱ्या, पिंजलेल्या कापसासारख्या पदार्थासही आपण बर्फच म्हणतों आणि दगडासारख्या लादीसही बर्फच. या लेखापुरतें आम्ही पहिल्यास हिम व दुसऱ्यास बर्फ म्हणूं, कारण सगळा वाद या दोहोंमधील अंतरांत सांठलेला आहे. ताजें हिम फारसें दुष्ट नसतें. त्यांत पाऊल रुततें, सहसा घसरत नाहीं. परंतु त्यावरून चार गाड्या गेल्या, दहा माणसें चाललीं, कीं तें दाबून घट्ट होतें. दुपारीं ऊन पडलें कीं वरचा थर वितळतो, कडेला रचलेल्या ढिगांतून पाणी वाटेवर वाहत येतें, आणि रात्रीं पारा शून्याखालीं उतरला कीं त्याच पाण्याची कांचेसारखी पातळ पापडी रस्त्यावर बसते. खालचें काळें डांबर तिच्यांतून आरपार दिसतें, म्हणून चालकास रस्ता केवळ ओला वाटतो. तात्पर्य, पडतें तें हिम दैवाचें खरें. पण मनुष्यास पाडतें तें बर्फ पुष्कळदां कांहीं तासांच्या अवधींत तयार झालेलें असतें, आणि त्या अवधींत कोणी तरी फावडें किंवा मिठाची पिशवी हातीं घेऊं शकला असता. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात. पारा उणे ९-१० अंशांच्या खालीं गेला कीं साध्या मिठाचा गुण मंदावतो, आणि मग पायाला धर मिळावा एवढ्यासाठीं वाळू टाकतात.

आतां चिरंजीवांच्या पायऱ्या. पत्रलेखकांस वाचून नवल वाटेल, परंतु त्यांचें म्हणणें मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनीं शंभरांहून अधिक वर्षें मान्य केलेलें होतें. १८८३ सालच्या एका निकालापासून तेथें असा नियम रूढ झाला कीं, हिम जसें पडलें तसें 'स्वाभाविक संचय' म्हणून पडून राहिलें आणि त्यावरून कोणी घसरला, तर जागेचा मालक दोषी नाहीं. मात्र मालकानें स्वतःच्या हातानें त्या संचयाचें रूप पालटलें, वेडावांकडा ढीग रचला किंवा पन्हाळीचें पाणी वाटेवर सोडलें, आणि त्यामुळें कोणी पडला, तर तो दोषी. वरवर पाहतां नियम किती सरळ! जें मी केलें त्याचा जाब मी देईन. जें मीं केलें नाहीं त्याचा कसा देऊं? परंतु परिणाम काय झाला पाहा. पहांटे उठून, कंबर मोडेपर्यंत फावडें चालवून वाट करणारा गृहस्थ, वाट थोडी ओबडधोबड राहिली तर कोर्टाच्या पायरीला लागावयाचा. आणि शेजारचा गृहस्थ दुलई ओढून नऊ वाजेपर्यंत निजला तर कायदा त्यास म्हणणार, 'निजा, आपण निर्दोष आहांत.'

आमच्या जुन्या पठडींत वाढलेल्या वाचकांस येथें एक ओळखीचा वाद आठवेल. नित्यकर्म केल्यानें स्वतंत्र फळ नाहीं, पण न केल्यानें प्रत्यवाय लागतो, असें मानणारांवर वेदान्त्यांचा आक्षेप असा कीं, न करणें हा तर अभाव; अभावापासून प्रत्यवाय हा भाव उत्पन्न व्हावा कसा? पाठशाळेंत या प्रश्नावर रात्रीच्या रात्री जात. तो शेंडीवाल्यांचा रिकामा उद्योग असें ज्यांस वाटतें त्यांनीं बॉस्टनकडे पाहावें. तेथील न्यायाधीशांपुढें सव्वाशें वर्षें दुसरा प्रश्न नव्हता. आम्हांस स्वतःला व्यवहारापुरतें उत्तर सोपें वाटतें. माळ्यानें पाणी घातलें नाहीं म्हणून तुळस वाळली, असें आपण म्हणतों. वास्तविक पाणी तर पंतांनींही घातलें नाहीं, समोरच्या वाण्यानेंही घातलें नाहीं. मग बोल माळ्यासच कां? कारण पाणी घालणें त्याच्याकडे होतें. न करणें हें जेथें कोणाचें तरी काम न करणें असतें, तेथें तो नुसता अभाव राहत नाहीं.

मॅसॅच्युसेट्समधील नियमास अखेर जें प्रकरण बाधलें तें तसें क्षुल्लक होतें. २००२ सालच्या डिसेंबरांत डॅन्व्हर्स या गांवीं एका मोठ्या दुकानासमोरील मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत एक गृहस्थ जमिनीस चिकटलेल्या बर्फावरून घसरून पडले. खालच्या न्यायालयानें जुन्या नियमाप्रमाणें दावा काढून टाकला. वाद कशाचा, तर तें बर्फ बाजूच्या ढिगांतून ढांसळून पडलेला तुकडा होता, कीं ढिगाचें पाणी वाहत येऊन तेथें गोठलें होतें, आणि यांपैकीं कशास 'स्वाभाविक' म्हणावें! पडलेल्या मनुष्याच्या हाडांस या भेदाशीं काय कर्तव्य? २६ जुलै २०१० रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति राल्फ गँट्स यांच्या लेखणीनें, तो भेदच पुसून टाकला. जागेंतील इतर कोणत्याही धोक्याविषयीं मालकानें जी वाजवी काळजी घ्यावयाची, तीच हिमाविषयींही घ्यावी, एवढेंच मागें ठेविलें. वाजवी म्हणजे किती, हें त्या जागेवरून किती माणसें ये-जा करतात, धोका केवढा आहे, आणि तो दूर करण्यास श्रम व पैसा किती पडतो, यावरून ठरावयाचें. एका कुटुंबाच्या घराकडून आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहाकडून सारखीच झाडलोट अपेक्षिलेली नाहीं.

तेव्हां चिरंजीवांची स्थिति अशी: मनुष्य पडला एवढ्यावरून ते दोषी ठरत नाहींत, आणि हिम आकाशांतून पडलें एवढ्यावरून सुटतही नाहींत. हिम पडावयाचें केव्हां थांबलें, त्यांनीं पायऱ्या केव्हां झाडल्या, मीठ टाकलें कीं नाहीं, दुपारचें पाणी रात्रीं पायरीवर गोठतें हें त्यांस ठाऊक होतें कीं नाहीं, हें विचारलें जाईल. घराच्या विम्यांत बहुधा अशा दाव्याची तरतूद असते. नोटीस आल्याबरोबर ती विमा कंपनीकडे धाडावी, परस्पर समेटाचीं पत्रें लिहीत बसूं नये.

वादळ चालू असतांच फावडें घेऊन उभें राहावें असें कोणी म्हणत नाहीं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं स्पष्टच सांगितलें कीं, कांहीं अपवाद सोडतां, वादळ ओसरून वाजवी वेळ जाईपर्यंत मालकावर हिम काढण्याचा भार नाहीं. शहरांचे आपापले नियमही आहेत. पदपथ मोकळा करण्यास बॉस्टनमध्यें हिम थांबल्यापासून ३ तासांची मुदत आहे, न्यूयॉर्कमध्यें ४ तासांची. रात्रीं थांबल्यास सूर्योदय किंवा सकाळ धरून हिशेब करतात. जर्मनींत बहुतेक नगरांनीं पदपथ झाडण्याचें काम लगतच्या घरमालकांवर सोंपविलें असून साधारणतः सकाळीं ७ पासून रात्रीं ८ पर्यंत तें त्यांच्या शिरीं असतें. आणि मालक पुष्कळदां भाडेपत्रांत एक ओळ घालून तें भाडेकऱ्याकडे ढकलतो. शिक्षणासाठीं तिकडे गेलेल्या मुलामुलींनीं ती ओळ सही करण्यापूर्वीं वाचावी. जर्मन भाषा येत नाहीं ही सबब तेथील न्यायाधीश ऐकून घेईल असा भरंवसा धरूं नये.

येथपर्यंत घरमालकाचें झालें. सूनबाईंच्या प्रकरणांत पत्रलेखकांचा राग आम्हांस अधिक पटतो. ज्या मॅसॅच्युसेट्सनें घरमालकास २०१० सालीं आळसाची सबब नाकारली, त्याच राज्याचा लिखित कायदा असें म्हणतो कीं, सार्वजनिक रस्ता एरव्हीं वाजवी सुस्थितींत असेल, तर केवळ हिमामुळें किंवा बर्फामुळें झालेल्या इजेबद्दल नगर वा ग्राम जबाबदार नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील कित्येक गांवांत युक्ति निराळी आहे: अमुक ठिकाणीं हिम साचलें आहे असें कोणी तरी आगाऊ लेखी कळविलेलें असल्यावांचून गांवावर दावाच चालत नाहीं. पहिल्यानें हात मोडून घ्यावा, लिहून कळवावें, आणि भरपाई मिळण्याचा मार्ग दुसऱ्याच्या पायापुढें मोकळा व्हावा, असा हा परोपकार आहे.

सरकारपक्षाचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. गृहस्थास दहा पायऱ्या असतात. नगरास शेंकडों मैल रस्ते असतात, आणि हिम सर्वांवर एकाच रात्रीं पडतें. हिम लोटणारी गाडी, जिला तिकडे नांगरच म्हणतात, एका वेळीं एकाच रस्त्यावर असूं शकते. प्रत्येक घसरणाऱ्यास खजिन्यांतून पैसा मोजावयाचा तर नांगरांस पैसा उरावयाचा नाहीं. हें सर्व कबूल. परंतु सर्वच ठिकाणीं एकाच वेळीं पोंचतां येत नाहीं, यावरून कोठेंच न पोंचलें तरी चालेल असें निष्पन्न होत नाहीं, आणि संपूर्ण माफीचा कायदा या दोहोंत भेद करीत नाहीं.

इंग्लंडांत हा भेद एका दुर्दैवी मनुष्याच्या प्रकरणावरून ऐरणीवर आला. १९९१ च्या नोव्हेंबरांत ईस्ट ससेक्स परगण्यांत सकाळच्या वेळीं एकाची मोटार बर्फाच्या पापडीवरून घसरून पुलावर आदळली आणि तो जन्माचा पंगु झाला. रस्ते सुस्थितींत राखण्याचें कर्तव्य कायद्यानें परगण्याच्या मंडळावर घातलेलें होतें. पण सुस्थिति कशाची? २००० सालीं लॉर्डांच्या सभेनें निर्णय दिला कीं, कर्तव्य आहे तें रस्त्याच्या बांधणीचें, खड्डे-भेगांचें. वर पडलेलें बर्फ काढणें त्यांत येत नाहीं. शब्दार्थानें निर्णय बिनतोड असेल. परंतु पार्लमेंटास तो रुचला नाहीं, आणि २००३ सालीं त्यानें कायद्यांत कलम वाढविलें: शक्य व वाजवी असेल तेथवर, हिम किंवा बर्फ यांमुळें सुरक्षित जाण्यायेण्यास धोका पोंचणार नाहीं, असें पाहणें हें रस्त्याच्या अधिकाऱ्यांचें कर्तव्य आहे. 'शक्य व वाजवी असेल तेथवर' हे शब्द रबरासारखे ताणतां येतात, हें आम्ही जाणतों. तरी ते मॅसॅच्युसेट्सच्या माफीहून पुष्कळ बरे. कारण आतां अधिकाऱ्यास निदान सांगावें तरी लागतें कीं, मीठ किती होतें, गाड्या किती निघाल्या, आणि हाच रस्ता कां राहिला.

कौटिल्यानें रस्त्यांत चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे, राजमार्गावर त्याच्या दुप्पट. तोही तुंबविणाऱ्यास, तुंबलेलें न काढणाऱ्या अधिकाऱ्यास नव्हे. आमच्याकडे हिमाची जागा पावसानें घेतली आहे, आणि आषाढांत पडलेल्या खड्ड्याचें खापर वरुणदेवतेच्या माथीं फोडण्याची रीत जुनी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें खड्डे व उघडीं मॅनहोलें यांमुळें मृत्यु आल्यास वारसांस ६ लक्ष रुपये, आणि दुखापत झाल्यास तिच्या मानानें ५० हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हां त्या रीतीस प्रथमच रकमेचा आंकडा जोडला गेला असें म्हणावयास हरकत नाहीं.

न्यायालयें जेथें माफ करितात तेथें मतदार करीत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. १९६९ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कवर सुमारें १५ इंच हिम पडलें. हिम काढण्याच्या गाड्यांपैकीं जवळजवळ ४० टक्के नादुरुस्त होत्या. क्वीन्स भागांतील रस्ते कित्येक दिवस नांगराविना राहिले. ४२ माणसें मेलीं, त्यांतलीं निम्मीं क्वीन्समधलीं. नगराध्यक्ष जॉन लिंड्से तेथें समाचारास गेले तेव्हां लोकांनीं त्यांस शिव्याशाप दिले. स्वतःच्या पक्षानें त्या वर्षीं त्यांस उमेदवारी नाकारली. परंतु निराळ्या पक्षाकडून उभे राहून, हिमाच्या बाबतींत आपला अंदाज चुकला हें जाहिरातींतून उघड कबूल करून, ते पुन्हां निवडून आले. दहा वर्षांनीं, १९७९ च्या जानेवारींत, शिकागोवर तोच प्रसंग आला. तेथील नगराध्यक्ष मायकेल बिलँडिक यांनीं, मोटारी ठेवण्यासाठीं शाळांचीं आवारें मोकळीं केलीं आहेत, असें जाहीर केलें. लोक गाड्या घेऊन गेले तों आवारें हिमानें भरलेलीं! पुढल्याच महिन्यांतील पक्षांतर्गत निवडणुकींत जेन बर्न या बाईंनीं त्यांस पाडलें. लोकांनीं हिम दोघांसही माफ केलें असतें, असा आमचा तर्क आहे.

आतां सूनबाई. त्यांच्या सासऱ्यांस आमचें उत्तर गोड लागणार नाहीं. रस्ता झाडला नव्हता हें खरें, पण तो झाडलेला नाहीं हें गाडीच्या कांचेंतून दिसत होतें. रस्ता जसा असेल तसा धरून वेग व अंतर राखावें, असें तिकडील वाहतुकीचे कायदे सांगतात. मागून आदळणाऱ्यानें 'गाडी घसरली' म्हटलें तर त्याचा अर्थ अंतर कमी होतें एवढाच घेतला जातो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांचा विचार आहे, तो या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, 'दूर व्हा' म्हणून ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं चालकास दंड नाहीं. अडाणी सारथ्यामुळें इजा झाली तर दंड मालकास. सारथी कुशल असेल तर त्याचा त्यास. आणि वाटेंत गुरें किंवा दुसरा रथ आडवा आला असतां प्राणहानि झाली तर? तेथें मनु म्हणतो, दंड आहेच, विचार करण्याचें कारण नाहीं. वाट अडलेली होती ही सबब त्या काळींही चालत नव्हती. शिवाय अडाणी सारथ्याच्या गाडींत बसून जाणारांसही प्रत्येकीं शंभर दंड सांगितला आहे! नव्यानेंच परवाना मिळविलेल्या मित्राच्या मोटारींतून हिमांत सहलीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो श्लोक काढून पाहावा.

यंत्राची तयारी ही चालकाच्या कर्तव्यांतच मोडते. कॅनडांतील क्वीबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर घालणें सक्तीचें आहे. न्यू जर्सींत गाडीच्या टपावरील हिम व बर्फ काढल्याविना निघालें तर दंड होतो, कारण वेगांत तीच लादी सुटून मागच्याच्या कांचेवर बसते. दारासमोरील बर्फावर कढत पाणी ओतण्याची कल्पना आमच्या कित्येक गृहिणींस सुचेल; तें कटाक्षानें टाळावें. तें पाणी घटकाभरांत गोठून पहिल्याहून वाईट बर्फ होतें, आणि तें मात्र खात्रीनें आपल्याच हातचें.

सर्वांचीच चूक एका रात्रीं एकत्र आली म्हणजे काय होतें, हें २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं दिसलें. मोठ्या हिमवर्षावाची सूचना हवामानखात्यानें आगाऊ दिलेली होती. तरी हिम पाहण्याच्या हौसेनें हजारों मोटारी डोंगर चढून गेल्या, आणि कोणी त्यांस वेळेवर अडविलें नाहीं. ७ तारखेच्या रात्रीं झाडें उन्मळून रस्ते बंद झाले. हिम काढण्याचीं यंत्रें होतीं, पण तीं बहुतेक एकाच जागीं उभीं राहिलीं. सकाळपर्यंत मोटारींत अडकलेलीं वीसांहून अधिक माणसें, त्यांत लेंकुरें सुद्धां, मृत झालेलीं आढळलीं. पुढें चौकशी होऊन १५ अधिकाऱ्यांस दूर करण्यांत आलें. त्या मोटारींपैकीं कित्येक कोणावर आदळल्या नव्हत्या कीं दरींत पडल्या नव्हत्या. लोकांनीं कांचा बंद करून ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेविलें. मागील धुराची नळी हिमांत गाडली गेली. आणि जो विषारी वायु बाहेर जावयाचा तो आंत आला. त्यास वास नसतो, रंग नसतो. झोंप येते आहे एवढेंच वाटतें.

ज्यांचीं मुलें हिमाच्या देशांत मोटार चालवितात त्यांनीं या महिन्याच्या पत्रांत एवढें अवश्य लिहावें: गाडींत एक लहान फावडें, घोंगडी आणि पाणी ठेवावें; रस्त्यांत अडकल्यास गाडी सोडून चालत निघूं नये; इंजिन तासांतून दहा मिनिटांहून अधिक चालवूं नये, आणि चालवितांना एक कांच बोटभर उघडी ठेवावी; आणि दर वेळीं सुरू करण्यापूर्वीं, कितीही वारा असो, खालीं उतरून धुराची नळी आधीं हातानें मोकळी करावी.